सुटली म्हण, ताई

श्रीनाथ काटकरच्या गावात पाऊस म्हणजे पाहुणा. येतो येतो म्हणून निरोप धाडायचा, आणि वाट पाहून डोळे दुखायला लागले की शेजारच्या तालुक्यात उतरायचा. माण तालुक्यात दहिवडीच्या पुढे, जिथे डांबरी रस्ता कंटाळून थांबतो, तिथलं ते गाव. आकाश तिथे फार मोठं होतं आणि वर्षातले दहा महिने रिकामं होतं. अशा गावच्या पोराला पुढे पाऊस पाडायची नोकरी लागली. तीही जर्मनीत, आणि तीही मोटारींवर.

कोलोन शहराबाहेरच्या एका मोटारींच्या कारखान्यात एक लांबलचक खोली होती. तिच्या छताला, भिंतींना, जमिनीलासुद्धा शेकडो बारीक तोट्या. नवी कोरी गाडी आत आली की श्रीनाथ बटण दाबायचा आणि चहूबाजूंनी पाणी कोसळायचं. मग तो विजेरी घेऊन गाडीत शिरायचा आणि कोरड्या गादीवर बोटं फिरवत एखादा थेंब चोरवाटेने आत आलाय का ते शोधायचा. थेंब सापडला तर गाडी परत. गावाकडे त्याची आई पाणवठ्यावर सांगायची, आमचा शिरू तिकडं पाऊस पाडतो. बायका म्हणायच्या, मग येताना पिशवीत घालून थोडा आणायला सांगा की.

वादळांचं वेड मात्र नोकरीच्या फार आधीचं. श्रीनाथ तिसरीत असताना यशवंतशेठ वाण्याने त्याला गुळाची पुडी बांधून दिली, ती कुठल्याशा जुन्या अमेरिकन मासिकाच्या पानात. गूळ खाऊन झाल्यावर त्याने कागद चाटला, आणि चाटता चाटता त्याची जीभ थांबली. कागदावर एक फोटो होता. डोंगराएवढी उंच काळी भिंत, आणि तिच्या पायाशी चार इवलीशी घरं, एक कुंपण, एक मोटार. ती भिंत धुळीची होती. 1935 सालच्या एप्रिलमधल्या एका रविवारी अमेरिकेच्या माळावर भर दुपारी अंधार करून गेलेली. श्रीनाथला मात्र वाटलं, हे आपलंच गाव आहे आणि एवढं झालं तरी आपल्याला कुणी झोपेतून उठवलं नाही.

मासिकाची बाकीची पानं मिळावीत म्हणून तो रोज गूळ आणू लागला. त्या महिन्यात काटकरांच्या घरचा चहा इतका गोड झाला की पाहुणे दुसरा कप मागेनात. शेवटी यशवंतशेठने वैतागून रद्दीचा अख्खा गठ्ठाच त्याच्या डोक्यावर ठेवला. शाळेतला शब्दकोश मांडीवर घेऊन श्रीनाथ त्या गठ्ठ्यातून इंग्रजी शिकला. म्हणून त्याला हिमवादळाचा इंग्रजी शब्द आधी आला आणि चुलतभावाचा नंतर.

पुढे तो पुण्यात इंजिनिअर झाला, जर्मनीत आखेनला एम.एस. केलं, कोलोनला नोकरीला लागला, पण गठ्ठा काही सुटला नाही. 1900 सालच्या सप्टेंबरात गॅल्व्हेस्टन बेटावर समुद्र रस्त्यांतून कसा चालत आला, 1888 च्या जानेवारीत उबदार सकाळ पाहून कोट न घालता शाळेत गेलेल्या पोरांना दुपारी हिमवादळाने कसं गाठलं, 1925 च्या मार्चात एकच टोर्नेडो तीन राज्यं ओलांडत साडेतीन तास जमिनीला घासत कसा गेला, हे सगळं त्याला घरच्या माणसांच्या दुखण्यांसारखं पाठ होतं. अमेरिकेला मात्र तो कधी गेला नाही. बहिणीचा नवरा कपिल विचारायचा, एकदा जाऊन ये की. श्रीनाथ म्हणायचा, दाजी, ज्यांच्या घरच्या इतक्या वाईट गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, त्यांच्या दारात उभं राहायला संकोच वाटतो.

असा हा माणूस चौतीस वर्षांचा झाला आणि त्याचं लग्न जमेना.

दिसायला बरा, पगार चांगला, स्वयंपाक येत होता. पण मुलगी बघायला गेला की कुणीतरी सरळपणे विचारायचं, इथली थंडी सोसते का? आणि त्याची गाडी 1888 ला जाऊन थांबायची. बर्लिनच्या एका घरात मुलीच्या मामांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुलगी तेवढ्यात दोन मैत्रिणींशी फोनवर बोलून आली. स्नेहलता नावाच्या मुलीसमोर तर त्याने साडेतीन तासांचा टोर्नेडो जवळपास साडेतीन तासच सांगितला. तिचे पोहे गार झाले, मग त्याचे, मग सगळ्यांचे. तिने नकार कळवला तोसुद्धा गोड शब्दांत. माणूस चांगला आहे, पण मला रोज हवामान नको.

त्या नकारांचं श्रीनाथला फारसं काही वाटलं नाही. पण सुकन्याची गोष्ट वेगळी होती. कोलोनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याने तिला एकदाच पाहिलं होतं. ती रेडिओत ध्वनी टिपायचं काम करायची. आरती चालू असताना ती कोपऱ्यात मायक्रोफोन धरून उभी होती, डोळे मिटून. श्रीनाथ शेजारी जाऊन उभा राहिला. तिने डोळे न उघडता म्हटलं, "जरा सरकता का? तुमच्या पिशवीचा आवाज येतोय." एवढंच. त्यानंतर आठ महिने श्रीनाथने घरात प्लास्टिकची पिशवी आणली नाही.

म्हणून जेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, मुक्ताने, सुकन्याच्या आईवडिलांशी बोलणं लावलं, तेव्हा श्रीनाथने तिला दोनदा तारीख विचारून घेतली. हे जमलं नाही तर पुन्हा कुठेच जमवायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. मुक्ताला ते न सांगता कळलं. आदल्या दिवशी तिने त्याला स्वयंपाकघरात उभा केला आणि सांगितलं, माझ्या गळ्याची शपथ घे. उद्या वादळाचा शब्द काढायचा नाही. अमेरिकेचा नाही, भारताचा नाही, चहाच्या पेल्यातलासुद्धा नाही.

श्रीनाथने गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली. त्यांच्या गावात अशा शपथेचा नियम कडक होता. जिने घातली तिनेच 'सुटली' म्हणायचं, तोवर ती सुटत नाही, आणि मोडली तर ज्याच्या गळ्याची त्याचं काही खरं नाही. आखेनला शिकलेल्या माणसाने असलं काही मानू नये हे श्रीनाथला मान्य होतं. पण ताईचा गळा एकच होता.

2014 सालचा जून. पेंटेकॉस्टचा सोमवार, म्हणजे सगळ्या जर्मनीला सुट्टी. सुकन्याचे वडील सुधीरकाका आणि आई मालिनीकाकू दक्षिणेतल्या त्सुफेनहाउझेनहून तीन दिवस लेकीकडे आले होते. घरात उकाड्याने जीव जात होता, म्हणून मुक्ताने पाहुण्यांना आपल्या श्रेबरगार्टनमध्ये बोलावलं. शहराच्या कडेला अशा लहान लहान बागांची वसाहत असते. प्रत्येकाला वावभर जमीन, एक लाकडी खोपटं, चार वाफे, आणि सगळ्यांना मिळून नियमांचं एक जाडजूड पुस्तक. मुक्ताच्या बागेत आलुबुखाराचं म्हातारं झाड होतं. त्याच्या सावलीत टेबल मांडलं होतं. कपिल निखाऱ्यावर मक्याची कणसं भाजत होता, डब्यात कांदेपोहे होते, सुरईत कोकम सरबत.

सुधीरकाका सव्वीस वर्षं जर्मनीत राहिलेले. वाक्यागणिक 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायचे आणि कुठलाही नियम परिच्छेदाच्या आकड्यासकट सांगायचे. त्यांनी आरामात पाय लांब करून विचारलं, मग श्रीनाथराव, छंद काय?

वादळ ओठांपर्यंत आलं. मुक्ताने सरबताचा पेला ठणकन खाली ठेवला. श्रीनाथने इकडे तिकडे पाहिलं, त्याला समोरचा वाफा दिसला, आणि तो म्हणाला, "कोबी."

मग तो कोबीवर वीस मिनिटं बोलला. कोबीत बोलण्यासारखं चार मिनिटांचंच असतं, बाकीची सोळा त्याने कुठून आणली ते त्यालाही कळलं नाही. सुकन्या आधी त्याच्याकडे उत्सुकतेने पाहत होती. पानकोबी आला तेव्हा ती सरबतातल्या नळीकडे पाहू लागली. फुलकोबी आला तेव्हा ती उठून घेवड्याच्या वेलाकडे गेली. श्रीनाथला ते दिसत होतं. आपलं नशीब एकेका पानाने सोललं जातंय हे त्याला कळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं.

सव्वासात वाजता त्याचा फोन वाजला. आखेनहून त्याचा जुना खोलीसोबती प्रसन्न बोलत होता. तो म्हणाला की इथे दिवसाची रात्र झालीय, सीमेपलीकडे झाडं आडवी पडलीत, आणि ते सरळ तुझ्याकडे निघालंय. तुला तर सणच म्हणा.

श्रीनाथने पश्चिमेकडे पाहिलं. बागांच्या कडेला असलेल्या पोपलरच्या उंच झाडांच्या रांगेमागे, क्षितिजाला टेकून, एक लांब काळी गुंडाळी आडवी पडली होती. आभाळाची पोळी लाटायला कुणी लाटणं घेतल्यासारखी. तिच्या पोटाखाली हिरवट उजेड. 1877 साली आयोवावरून असंच एक सरळ रेषेतलं वादळ धावत गेलं होतं, आणि इकडच्याच मुलखातून तिकडे गेलेल्या एका प्राध्यापकाने त्या जातीला पुढे नाव दिलं होतं. लहानपणापासून कागदावर चाटलेली ती भिंत आता त्याच्या डोळ्यांसमोर उभी होती. भीती वाटायच्या आधी त्याला हसूच आलं. मग त्याने हिशेब केला. आखेनपासून इथवर पाऊण तास.

आणि नेमक्या त्याच क्षणी मालिनीकाकू म्हणाल्या, "चला, निघायला हवं आता."

मराठी माणसाचं 'निघायला हवं' म्हणजे काय, हे मराठी माणसालाच ठाऊक. आधी बसल्या जागी निघायचं. मग उभं राहून नवा विषय काढायचा. मग हळदीकुंकू, ओटी, नारळ, उरलेल्या पोह्यांचा डबा, डबा नको नको, डबा घ्याच. मग फाटकाशी कुणाची तरी मावसबहीण कुणाच्या तरी जावेची नणंद निघते आणि तिथून पुढे वीस मिनिटं. श्रीनाथने कोलोनमध्ये हा वेळ घड्याळ लावून मोजला होता. सरासरी पंचावन्न मिनिटं निघायची. वादळाला पंचेचाळीस लागणार होती.

तो धावत मुक्ताकडे गेला. ती खोपट्यात ओटीचं ताट लावत होती.

"ताई, सुटली म्हण."

"अजिबात नाही."

"ताई, अगं खरंच..."

"कळतंय मला. पाहुणे उठले म्हणून जाता जाता एक गॅल्व्हेस्टन उरकायचा विचार आहे तुझा. कोबी बोल."

श्रीनाथ बाहेर आला. शपथ न मोडता माणसं हलवायची कशी? त्याने सुधीरकाकांना सांगितलं की या वसाहतीचा नियम आहे, सुट्टीच्या दिवशी साडेसातच्या आत पाहुण्यांनी बाग सोडायची. जर्मनीत नियमाचं नाव काढलं की माणूस उठतोच, असा त्याचा अनुभव. पण सुधीरकाकांचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, कुठला परिच्छेद? मग ते नियमांचं पुस्तक मागून घेऊन चष्मा लावून खुर्चीत आणखी खोल बसले.

श्रीनाथने बागेतली मोठी छत्री मिटली. रिकाम्या खुर्च्या घडी करून खोपट्याच्या मागे नेऊन टाकल्या. टेबलावरचे पेले उचलले, त्यात मालिनीकाकूंच्या हातातलाही गेला. त्या कौतुकाने नवऱ्याला म्हणाल्या की अहो, बघा, आवराआवरीत किती चपळ आहेत. आणि या कौतुकाच्या भरात त्या पुन्हा बसल्या.

शेवटी तो घेवड्याच्या मांडवापाशी आला. सुकन्या तिथे उभी होती, खांद्याला तिची आवाज टिपायची पेटी. तीच आधी बोलली.

"एक विचारू? आल्झो, म्हणजे, राग मानू नका. स्नेहलता माझी मैत्रीण आहे."

श्रीनाथचे कान तापले.

"तिने मला सगळं सांगितलं. टोर्नेडो, साडेतीन तास, गार पोहे. ती हसत होती, पण मला वाटलं, हा माणूस मला भेटायला हवा. मी ते ऐकायला आले होते. आणि तुम्ही मला कोबी सांगितलात."

श्रीनाथने गळ्याची कातडी चिमटीत धरून दाखवली आणि खोपट्याकडे बोट केलं. जर्मनीत वाढलेल्या मुलीला हे कळेल का, अशी त्याला शंका होती. पण सुकन्या सात वर्षांची होईपर्यंत सदाशिव पेठेत राहिली होती आणि या बाबतीत सात वर्षं पुरेशी असतात. तिचे डोळे मोठे झाले. मग ती वळली आणि वाफे ओलांडत थेट मुक्तासमोर जाऊन उभी राहिली.

"मुक्ताताई, सुटली म्हणा. मला ऐकायचंय."

मुलीच्याच तोंडून हे ऐकल्यावर मुक्ताच्या हातातला नारळ ताटात गडगडला. तिने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा होणाऱ्या भावजयीकडे, म्हणजे झाली तर, आणि अनिच्छेने म्हणाली, "सुटली."

बांध फुटावा तसा श्रीनाथ बोलू लागला. पश्चिमेकडे बोट दाखवून त्याने सांगितलं की ते काय आहे, किती वेगाने येतंय आणि इथे कधी पोचेल. सुधीरकाकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, जा, जा, थोडा पाऊस दिसतोय. मालिनीकाकू म्हणाल्या, एवढं कुंकू लावून होऊ दे. आकड्यांनी कुणी हलेना. तेव्हा श्रीनाथ आलुबुखाराखालच्या त्या टेबलावर चढला. त्याचा आवाज खाली आला आणि संथ झाला.

"काकू, गॅल्व्हेस्टनलासुद्धा लोक लाटा बघायला समुद्रावर गेले होते. पोरं पाण्यात खेळत होती. हवामान खात्याचा एक माणूस घोडागाडी घेऊन किनाऱ्यावरून ओरडत फिरला म्हणतात, उंचावर जा. लोक म्हणाले, जातो, एवढं जेवण होऊ दे. सकाळी मोजदाद करायलासुद्धा माणसं कमी पडली. त्यांना घाई नव्हती, काकू. त्यांना फक्त निघायला वेळ लागला."

कणीस जळल्याचा वास आला, तोही कुणी बोलून दाखवला नाही. मालिनीकाकूंनी ताट दोन्ही हातांत उचललं आणि उभ्या राहिल्या. मराठी माणसं अर्ध्या मिनिटात निघाली.

फाटकाशी वसाहतीचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, कूलमान भेटले. सत्तरीचे, चड्डी आणि सॅंडल घातलेले. त्यांनाही आभाळ दिसलं होतं, ते एकेका बागेत जाऊन माणसं गोळा करत होते. वसाहतीच्या मध्यभागी संघाचं विटांचं घर होतं. त्याच्या तळघरात त्यांनी सगळ्यांना घेतलं आणि दार लावलं. बियरच्या खोक्यांवर वीसेक जर्मन आणि सहा मराठी माणसं दाटीने बसली. मालिनीकाकूंच्या मांडीवर हळदीकुंकवाचं ताट, सुधीरकाकांच्या हातात नियमांचं पुस्तक, कपिलच्या हातात चिमटा आणि चिमट्यात कणीस.

मग ते आलं. आधी सगळं गप्प झालं, इतकं की सुकन्याने पेटीची कळ दाबलेली ऐकू आली. मग वरून आगगाडी जावी तसा आवाज आला आणि तो थांबेचना. खिडकीच्या वरच्या फटीतून हिरवा उजेड आत येत होता. कुठेतरी लाकूड मोडलं, मोठं, हाडासारखं. मुक्ताला वाटलं, आपण मघाशी मनापासून 'सुटली' म्हटलं नाही म्हणूनच हे झालं. ती गळा धरून बसली आणि पुन्हा पुन्हा म्हणू लागली, सुटली, सुटली म्हणते ना, सुटली. हेर कूलमानना वाटलं ही प्रार्थना आहे, म्हणून त्यांनी टोपी काढली.

श्रीनाथला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्याची त्याला लाज वाटत होती. बाहेर काय मोडत असेल ते त्याला कुणाहीपेक्षा नीट ठाऊक होतं. सुकन्या त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगा ना. साडेतीन तासांचा." आणि त्याने तो सांगायला सुरुवात केली. मिसुरीत सुरू झालेला, ढगात लपलेला, लांबून साधं धुकं वाटणारा. सुकन्या डोळे मिटून ऐकत होती, जशी तेव्हा आरती ऐकत होती. या खेपेला तिने त्याला सरकायला सांगितलं नाही.

वरचं वादळ वीस मिनिटांत संपलं. तळघरातलं तीनपैकी दुसऱ्या राज्यात, इलिनॉयपर्यंतच पोचलं होतं.

ते बागेत परतले तेव्हा आलुबुखाराचं म्हातारं झाड टेबलावर आडवं पडलं होतं. नेमकं तिथे, जिथे हळदीकुंकू चाललं असतं. टेबलाचे चार पाय चार दिशांना. खोपट्यामागे श्रीनाथने घडी करून टाकलेल्या खुर्च्या तेवढ्या शाबूत होत्या. त्या संध्याकाळी ऱ्हाइनकाठच्या काही घरांत माणसं परतली नाहीत, हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि श्रीनाथ ते कधीच विसरला नाही. पण त्या घटकेला ही सहा माणसं चिखलात उभी राहून नुसती एकमेकांकडे पाहत होती, आणि मग का कुणास ठाऊक, सगळ्यांनाच हसू फुटलं. सुधीरकाकांनी नियमांचं पुस्तक श्रीनाथच्या हातात दिलं आणि म्हणाले, परिच्छेद राहू दे.

मुक्ताने खोपट्यातून पोह्यांचा डबा शोधून आणला. पोहे गारढोण झाले होते. तिने सवयीने म्हटलं की थांबा, घरी जाऊन गरम करून देते. सुकन्याने डबा तिच्या हातातून घेतला, एक घास खाल्ला आणि श्रीनाथकडे पाहत म्हणाली, "नको. मला गार पोहे चालतात. रोज चालतील."

मालिनीकाकूंना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी ताटातल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं. चार खुर्च्या चिखलात मांडल्या गेल्या आणि निघायला सुरुवात झाली. ओटी झाली, नारळ झाला, दहिवडीजवळच्या कुणाची तरी मावसबहीण सदाशिव पेठेत निघाली, आणि लग्नाचा महिनासुद्धा ठरला. त्या दिवशी निघायला एक तास चाळीस मिनिटं लागली. श्रीनाथने घड्याळ लावलं होतं, पण बघायचं विसरला. आकडा हेर कूलमाननी सांगितला.

पुढे त्यांचं घर झालं तेव्हा सुकन्याने ती ध्वनिफीत नीट लेबल लावून कपाटात ठेवली. पाहुणे आले की ती हमखास लावायची. आधी ती विचित्र शांतता, मग आगगाडी, मग मोडणारं झाड, आणि त्या सगळ्या आकांताच्या वर एका बाईचा रडवेला आवाज, सुटली, सुटली म्हणते ना. आणि अगदी मागे, कान देऊन ऐकलं तर, एक माणूस संथपणे मिसुरी ओलांडत असतो.

पाहुणे विचारत, मग पुढे त्या टोर्नेडोचं काय झालं? सुकन्या गरम पोह्यांची ताटली झाकण न लावताच, गार व्हायला, टेबलावर ठेवायची आणि नवऱ्याच्या शेजारी बसायची.